चांगलं सॉफ्टवेअर ओळखायचं कसं? गुणवत्तेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअरची गुणवत्ता म्हणजे नेमकं काय?

पुस्तकी उत्तर हवं असेल तर आयएसओ/आयईसी २५०१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०११ च्या आवृत्तीत त्यात आठ गुण होते, २०२३ च्या आवृत्तीत ते नऊ झाले. नेमून दिलेलं काम बरोबर करणं, वेग, दुसऱ्या प्रणालींशी जुळणं, वापरायला सोपं असणं, भरवसा, हल्ल्यांपासून बचाव, दुरुस्तीची सोय, नव्या परिस्थितीत सामावणं आणि जीविताला किंवा मालमत्तेला धोका न पोचवणं. करार करताना किंवा तपासणीची यादी बनवताना याचा उपयोग होतो. पण तुमच्या कामात यातलं काय आधी आणि काय नंतर, हे मानक सांगू शकत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

मी कुठलंही सॉफ्टवेअर पाहताना दोन गोष्टी तपासतो. काहीतरी बिघडलं की ते कसं वागतं? आणि त्यात बदल करायची वेळ आली की करणाऱ्याला भीती वाटते का? डेमोच्या दिवशी सगळंच छान दिसतं. खरी ओळख या दोन प्रसंगांत पटते, म्हणून पुढची बहुतेक उत्तरं फिरून फिरून तिथेच येतील.

बग (प्रोग्राममधल्या चुका) नसले की सॉफ्टवेअर चांगलं, असं म्हणता येईल का?

नाही. सांगितलेलं काम सॉफ्टवेअर तंतोतंत करतंय, पण सांगितलेलंच चुकीचं होतं, असं कितीतरी वेळा होतं. नोंद करायला कर्मचाऱ्याला पूर्वी एक पान लागायचं, आता सहा स्क्रीन लागतात. यात बग एकही नाही, पण रोज वैताग आहे.

बगच्या संख्येपेक्षा त्यांची जात बघावी. प्रोग्राम धाडकन बंद पडला तर निदान सगळ्यांना कळतं. आकडेमोडीत गुपचूप झालेली चूक मात्र महिनोन्महिने अहवालांत फिरत राहते आणि तिच्यावर विसंबून निर्णय घेतले जातात. दुसरं वाईट लक्षण म्हणजे दुरुस्त केलेला बग परत येणं. आपण नेमकं काय दुरुस्त केलं हे टीमला कळलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

टेस्टिंग भरपूर केलं की गुणवत्ता येते का?

टेस्टिंगने गुणवत्ता कळते. आणायचं काम डिझाइन करताना आणि कोड लिहिताना होतं. टेस्टिंगमधून बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे कधीच दाखवता येत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी सन १९७० च्या सुमारास लिहिलं होतं. ते आजही खरं आहे, कारण शक्य असलेल्या सगळ्या इनपुटांची संख्या कुठल्याही चाचणीच्या आवाक्याबाहेरची असते.

तरीही टेस्टची खरी किंमत मला दुसरीकडेच दिसते. चांगल्या टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, असल्या की माणूस कोडला हात लावायला धजतो. एक ओळ बदलली, टेस्ट चालवल्या, दोन मिनिटांत कळलं की दुसरं काही मोडलेलं नाही. एस्क्यूलाइट या डेटाबेसचं उदाहरण बघा. तो जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असतो. त्याचा टेस्टचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट मोठा आहे. मेमरी संपली, डिस्कवर लिहिता लिहिता वीज गेली, फाइल अर्धवट खराब झाली, असे प्रसंग मुद्दाम घडवून तिथे तपासणी होते. म्हणूनच एक छोटीशी टीम वर्षानुवर्षं त्यात सुधारणा करत राहू शकते.

कोड कव्हरेज किती टक्के असावं?

आकड्याचं उद्दिष्ट दिलं की आकडा मिळतो, त्यापलीकडे काही मिळेलच असं नाही. कव्हरेज फक्त एवढंच सांगतं की टेस्ट चालताना ही ओळ चालली. उत्तर बरोबर आलं का, हे कुणी तपासलं की नाही ते सांगत नाही. ज्या भागात पैसा, परवानगी किंवा कुणाचा जीव गुंतलाय तिथे एकही वाट न तपासलेली नको. बाकी ठिकाणी तारतम्य ठेवा.

टीममध्ये टेस्टर आहेत, मग डेव्हलपरने टेस्ट का लिहायच्या?

कारण दोघांचे प्रश्न वेगळे असतात. 'मला अभिप्रेत होतं तेच झालं का' हे डेव्हलपर तपासतो. 'तुझ्या लक्षातच न आलेलं काय आहे' हे चांगला टेस्टर शोधतो. कच्चं काम टेस्टरकडे सरकवलं की त्याचा सगळा वेळ पहिल्या प्रश्नावरच खर्च होतो आणि दुसरा विचारायचा राहून जातो.

प्रत्येक भाग वेगवेगळा तपासला, तरी एकत्र आल्यावर का बिघडतं?

कारण दोन भागांच्या मधली जागा कुणाचीच नसते. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच गमावलं गेलं. इंजिनांच्या धक्क्याची आकडेवारी एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत देत होतं, दुसरी बाजू ती न्यूटन-सेकंदांत आहे असं समजून मार्ग काढत होती. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा फार खालून गेलं आणि वातावरणात सापडलं.

आकडा एकटा पाठवू नये, एककासकट पाठवावा. तारीख असेल तर टाइमझोन लिहावा. रक्कम असेल तर चलन सांगावं आणि ती दशांश अपूर्णांकात न साठवता सर्वांत लहान नाण्याच्या पूर्णांकात साठवावी, कारण बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या नेहमीच्या दशांश प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. या नियमांमुळे किती रात्रींची जागरणं टळतात, हे सपोर्टचं काम केलेल्यांना विचारा.

वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला कोड नव्या प्रकल्पात वापरणं सुरक्षित नाही का?

तो ज्या परिस्थितीत चालला, त्याच परिस्थितीपुरता सुरक्षित. एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी झालं आणि चाळीसेक सेकंदांत ते फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून उचललेलं होतं. एरियन ५ चा आडवा वेग जास्त, त्यामुळे त्याच्याशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत कोंबताना मावली नाही. त्या जागेत ३२७६७ च्या पुढचा आकडा बसतच नाही. त्रुटी आली आणि यंत्रणा बंद झाली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे ती क्षणभर आधीच बंद पडली होती. दुःखाची गोष्ट अशी की आकडेमोडीचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या रॉकेटच्या गरजेपोटी तो चालू राहिला होता.

याहून मन विषण्ण करणारी गोष्ट थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा दिली. काहींचा त्यात मृत्यू झाला. आधीच्या थेरॅक-२० यंत्रातही तसाच दोष होता, पण तिथे स्वतंत्र यांत्रिक अडसर असल्याने तो झाकला जात होता. नव्या यंत्रात ते अडसर काढले आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली. स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' असा संदेश यायचा. त्याचा अर्थ काय, हे चालकाला माहितीपुस्तिकेतूनही उमगत नव्हतं, आणि एक बटण दाबलं की उपचार पुढे सुरू करता येत होते.

जुना कोड जरूर वापरा. फक्त आधी शोधा की तो काय काय गृहीत धरतोय, आणि आजवर त्याच्या चुका कोण झेलत होतं.

त्रुटीचा संदेश कसा असावा?

थेरॅकमध्ये होता त्याच्या अगदी उलट. काय झालं, तुमचं काम जतन झालं की नाही, आणि आता काय करायचं, या तीन गोष्टी वाचणाऱ्याच्या भाषेत सांगाव्यात. 'समथिंग वेंट राँग' एवढंच लिहून माणसाला वाऱ्यावर सोडू नये. पैसे कापले गेले की नाही हे न कळलेला माणूस तेच बटण पुन्हा दाबणार, हे उघड आहे. म्हणून तेच बटण दोनदा दाबलं गेलं तरी पैसे एकदाच कापले जातील, अशी आतली रचनाही हवी.

सॉफ्टवेअर चुकू शकतं हे मान्य करणं हाही गुणवत्तेचा भाग आहे का?

माझ्या मते फार मोठा भाग. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या शाखांना 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली दिली होती. तिच्यातल्या दोषांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसत होती. शाखा चालवणारे कळकळीने सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. तरीही १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचं घरदार गेलं. संगणक बरोबर चालतोय असं न्यायालयात गृहीत धरलं जाई आणि तो चुकतोय हे दाखवण्याची जबाबदारी बिचाऱ्या शाखाचालकावर येई. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

दोष सगळ्याच प्रणालींत असतात. इथे अनर्थ झाला तो दोषांची माहिती दडपल्यामुळे आणि वापरणाऱ्याच्या हातात स्वतःची बाजू तपासण्याचं काहीच साधन नसल्यामुळे. कुणी, कधी, काय बदललं याची न खोडता येणारी नोंद, ती पाहण्याचा वापरणाऱ्याचा अधिकार, आणि माहीत असलेल्या दोषांची उघड यादी, या तीन गोष्टींशिवाय हिशेबाचं कुठलंही सॉफ्टवेअर मी चांगलं म्हणणार नाही, मग ते कितीही वेगवान असो.

आतला कोड ग्राहकाला दिसत नाही, मग तो नीटनेटका असून काय फरक पडतो?

दिसत नाही, पण जाणवतो. आधी आठवड्यात होणारं काम दोन महिने घेऊ लागतं. एक बटण हलवलं की दुसऱ्याच स्क्रीनवरचं काहीतरी बंद पडतं. 'त्या फाइलला हात लावू नका, ती फक्त अमक्याला कळते' असं वाक्य ऐकू येऊ लागतं. ग्राहकाला यातलं एवढंच कळतं की ही मंडळी हल्ली फार वेळ लावतात.

प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये याला कर्जाची उपमा दिली, आणि 'टेक्निकल डेट' हा शब्द रूढ झाला. घाईत कच्चा कोड देणं म्हणजे उसने पैसे घेणं. लवकर फेडलं तर चांगलंच. थकवलं, तर पुढच्या प्रत्येक कामावर व्याज द्यावं लागतं. म्हणजे कर्ज घेणं पाप नाही. बाजारात लवकर उतरायचं असेल, कल्पना चालेल की नाही हेच माहीत नसेल, तर जरूर घ्यावं. मात्र ते लिहून ठेवावं आणि फेडायचा वेळ कामाच्या आराखड्यातच धरावा. 'नंतर करू' असं फक्त तोंडी ठरलेलं क्वचितच होतं.

नीटनेटकेपणा म्हणजे सजावट नव्हे. नाव वाचून काम कळावं. एक नियम एकाच ठिकाणी लिहिलेला असावा, म्हणजे कराचा दर बदलला की अकरा फाइली शोधाव्या लागणार नाहीत. एक भाग दुसऱ्याच्या आतल्या खोलीत डोकावणारा नसावा. आणि एखादी विचित्र ओळ लिहावी लागलीच, तर ती तशी का आहे हे शेजारी लिहिलेलं असावं. काय केलंय ते कोडमधून कळतं. का केलं, हे लिहिलं नाही तर लिहिणाऱ्याबरोबरच निघून जातं.

टीमकडे साधनं कमी आहेत. गुणवत्तेसाठी सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय कोणता?

दुसऱ्याने कोड वाचणं. मायकेल फॅगन यांनी आयबीएममध्ये याची रीतसर पद्धत बसवून १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज ती खूप सुटसुटीत झाली आहे, पण गाभा तोच. बदल छोटा ठेवा. दोन हजार ओळी एकदम पाठवल्या की वाचणारा वरवर नजर फिरवून 'ठीक आहे' म्हणतो. शंभर ओळी पाठवल्या की नीट प्रश्न विचारतो. आणि वाचणाऱ्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरा. जिथे रिव्ह्यू 'जमेल तसा' करायचा असतो, तिथे तो होत नाही.

रिलीजचा दिवस आला की धाकधूक होते. हे स्वाभाविक आहे का?

सर्रास दिसतं, पण असं असायला नको. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड सुरू केला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढवायचा राहिला होता. नव्या कोडसाठी जो फ्लॅग (एखादी सुविधा चालू करणारी खूण) वापरला, तोच पूर्वी एका बंद पडलेल्या सुविधेसाठी वापरात होता, आणि त्या सुविधेचा मृत कोड सर्व्हरवर तसाच पडून होता. फ्लॅग लागताच आठव्या सर्व्हरवर तो मृत कोड जागा झाला. गोंधळात नवा कोडच दोषी समजून तो उरलेल्या सातांवरून काढला गेला, तेव्हा तिथेही जुना जागा झाला. सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने या गडबडीचे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. इशारा म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसरं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. प्रोग्राम २१ माहितीघटक शोधत होता, मिळत होते २०. चूक छोटी. ती एका वेळी सगळीकडे गेली म्हणून विमानतळं आणि रुग्णालयं अडली.

यातून रोजच्या कामासाठी घ्यायचं ते असं. सर्व्हरवर कोड हाताने चढवू नका, स्क्रिप्टने चढवा, आणि सगळीकडे तोच चढला का हे त्या स्क्रिप्टलाच तपासू द्या. बदल आधी थोड्या लोकांना द्या, थांबा, बघा, मग पुढे. मागे फिरण्याची वाट आधी चालून बघा. वापरात नसलेला कोड काढून टाका. इशारे इतके कमी ठेवा की आलेला प्रत्येक इशारा माणूस वाचेल. हे जमलं की आठवड्यातून अनेकदा रिलीज करता येते, आणि प्रत्येक बदल छोटा असल्याने बिघाड शोधणंही सोपं जातं.

सुरक्षेचं काम शेवटी एकदम केलं तर?

महागात पडतं. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीतून जगभर गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढी एक तपासणी राहिली होती. त्यामुळे एका विनंतीमागे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर पडू शकत होता. बाहेरून आलेल्या कशावरही तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये, ही सवय पहिल्या ओळीपासून लागते.

इतरांच्या मोफत लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरल्याने गुणवत्ता कमी होते का?

कमी होत नाही, पण तुमची जबाबदारी वाढते. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचं बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायचं काम, थांबलं. तुम्ही कोणकोणत्या लायब्ररी वापरता, त्यांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत, आणि त्या सांभाळणारं कुणी उरलं आहे का, याची यादी ठेवा. पाच मिनिटांत स्वतः लिहिता येईल एवढ्यासाठी लायब्ररी आणू नका. एन्क्रिप्शन (माहिती गुप्त संकेतांत बदलणारा कोड) मात्र कधीही स्वतः लिहू नका.

वेग किती असला म्हणजे पुरे?

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून कामाला येतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आलं असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे वळतो. हे मोजताना तुमचा नवाकोरा लॅपटॉप घेऊ नका, जुना फोन आणि रडतखडत चालणारं नेटवर्क घ्या. सरासरीही पाहू नका. शंभरातल्या सर्वांत मंद पाच जणांना काय अनुभव येतो ते पाहा.

आपल्या भाषेत सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे कसं तपासावं?

'क्षि' हे एक अक्षर टाकून बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ते चार संकेतांचं बनतं आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइट घेतं. ज्या प्रोग्रामला हा फरक माहीत नाही तो नाव मधेच तोडतो, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पाडतो, किंवा वीस अक्षरांची मर्यादा सांगून सातव्या अक्षरालाच नकार देतो. शोध, क्रमवारी आणि पीडीएफची छपाई याही जागा हमखास फसतात. भाषांतर केलेली बटणं म्हणजे भाषेची सोय, असं समजू नये.

जुनी प्रणाली फारच गुंतागुंतीची झाली आहे. सगळं नव्याने लिहावं का?

शक्यतो नको. नेटस्केपने १९९८ मध्ये आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही, सहावी यायला नोव्हेंबर २००० उजाडला, आणि तोवर बाजार हातचा गेला होता. जुन्या कोडमधल्या कुरूप दिसणाऱ्या ओळींत अनेकदा कुणाच्या तरी खऱ्या अडचणीचं उत्तर दडलेलं असतं. एकेक भाग टेस्टच्या कुंपणात घेऊन बदलत जा. वेळ लागेल, पण प्रणाली चालू राहील.

एआयने लिहिलेल्या कोडची गुणवत्ता कशी ठरवायची?

माणसाने लिहिलेल्या कोडसारखीच. वाचा, तपासा, टेस्ट लिहा. एक काळजी मात्र जास्त घ्यावी. असा कोड दिसायला सफाईदार असतो, म्हणून वाचणाऱ्याची नजर सैल पडते. जो भाग टीममधल्या एकालाही समजावून सांगता येत नाही तो स्वीकारू नका. तो बिघडेल तेव्हा दुरुस्त करायला तुम्हीच असणार आहात.

मी प्रोग्रामर नाही. सॉफ्टवेअर विकत घेताना काय विचारू?

फीचरची यादी बाजूला ठेवा आणि आधी विचारा की माझा सगळा डेटा मला दुसरीकडे नेता येईल अशा स्वरूपात कधीही काढता येतो का. बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचा कधी पाहिला, असं विचारा. बॅकअप घेतो एवढं उत्तर पुरेसं नाही. गेल्या वर्षातला सर्वांत मोठा बिघाड कोणता होता, ग्राहकांना तो केव्हा कळवला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे सांगायला लावा. 'आमच्याकडे कधीच बिघाड होत नाही' असं म्हणणाऱ्यापेक्षा तारखेसह हकीकत सांगणाऱ्याकडून घ्या. मग डेमोत इंटरनेट बंद करायला सांगा, अर्धवट फॉर्म भरून खिडकी बंद करा, पुन्हा उघडा आणि काय शिल्लक राहिलं ते पाहा.